ख्रिस्ती धर्म ‘फक्त’ तलवारीने पसरला?

आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी तो मेसेज पुन्हा टाकला. त्यात म्हटलंय की ख्रिस्ती धर्म जगभर फक्त तलवार, गोऱ्यांची सत्ता आणि पैशाचं आमिष यांच्या जोरावर पसरला. नागपुरातही आधी इंग्रजी राज्य आलं, मागोमाग पाद्री.

आधी नागपूरचंच घेऊ. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले तेव्हा गादीवर भोसले होते. राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट आणि कामठीला त्यांची छावणी होती, त्यांचा आडोसा मिशनला मिळाला, हे मान्य. पण मेसेजमधला क्रम उलटा आहे. कंपनी सरकारला तर मिशनरी नकोच होते. मिशनरी विल्यम कॅरींना बंगालमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात आसरा शोधावा लागला. दार किलकिलं झालं ते कंपनीच्या १८१३ च्या सनदेनंतर.

तलवार चाललीच नाही असं मी म्हणत नाही. युरोपातल्या शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांवर केलेली सक्ती, गोव्यातलं इन्क्विझिशन म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, हे सगळं घडलं. माझं भांडण ‘फक्त’ या शब्दाशी आहे. इथिओपियाच्या राजाने हा धर्म चौथ्या शतकातच स्वीकारला, तेव्हा युरोपची सत्ता तिथे नव्हती. कोरियावर पुढे राज्य केलं तेही जपानने, गोऱ्यांनी नाही. तिथला यी सुंग-हुन १७८४ मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि परदेशी पाद्री पोचण्याआधीच मंडळी उभी राहिली.

राहिलं आमिष. कवी ना. वा. टिळक इथेच, नागपुरात, आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, मनाशी झगडले आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मिळालं काय? आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, आपल्या मनाने. अशा माणसांना ‘विकले गेले’ म्हणताना मला तरी लाज वाटते.

मोहननगरात माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. खाकी कव्हर घातलेलं ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडून त्या टिळकांची भजनं म्हणतात. पेटीचा भाता डाव्या हाताने, बोट ओळीवर. चाल ऐकाल तर अभंगच वाटेल. मामा, एकदा चला माझ्यासोबत त्यांच्याकडे.