केबलमध्ये पाणी मुरतंय, आणि म्हणे एसडब्ल्यूआर छान आहे!

“एसडब्ल्यूआर १.१ आहे, म्हणजे वर सगळं ठीकच असणार.”

हौसेखातर रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं कानावर पडलं तरी डोक्यात तिडीक जाते. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत येत नाही. कालचा अख्खा दिवस या एका वाक्यापायी टॉवरवर गेला. हार्नेसच्या पट्ट्यांचे वळ अजून मांड्यांवर आहेत, बोटांना लागलेली काळी घाण साबणाने निघत नाही, आणि डोकं तापलंय म्हणून झोपही येत नाही. तेव्हा शांतपणे लिहिणं आज जमणार नाही.

ज्याच्या टॉवरवर गेलो तो माझा जुना मित्र. दोन मीटर बँडची (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची) यागी अँटेना, ५० वॉटचा रेडिओ, शॅकपासून, म्हणजे रेडिओच्या खोलीपासून, वरपर्यंत ३५ मीटर आरजी-२१३ ही कोॲक्स केबल (मधे तार, भोवती तांब्याची जाळी). तक्रार काय, तर पूर्वी सहज उघडणारे रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी स्टेशनं) आता उघडत नाहीत, आणि लांबची स्टेशनं ऐकूच येत नाहीत. यावर त्याने काय केलं? आधी रेडिओ बदलला. मग शॅकमध्ये रेडिओच्या तोंडाशी येणारा सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प्लिफायर लावला. मग रिपीटर सांभाळणाऱ्यांना चार शब्द सुनावले. यात सहा महिने गेले. केबलकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही, कारण मीटर चांगलं बोलत होता. उलट मला कौतुकाने सांगतो, “बसवली तेव्हा १.४ होता, आता आपोआप १.१ वर आलाय.”

आपोआप! अरे, उन्हापावसात वर्षानुवर्षं टांगलेली कुठली वस्तू आपोआप सुधारते? पत्रा गंजतो, दोरी कुजते, प्लॅस्टिकचा भुगा होतो. मग तुझी केबलच तेवढी कशी दिवसेंदिवस तरुण होत जाईल? आकडा काहीही कारण नसताना सुधारला, तेव्हाच छातीत धस्स व्हायला हवं होतं.

सोपी गोष्ट आहे, पण परीक्षा देऊन लायसन्स घेतलेल्या माणसांनाही ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते, याचाच राग येतो. मीटर बसवलाय शॅकमध्ये. तो फक्त एवढंच बघतो की वर किती पॉवर गेली आणि परत किती आली. केबल खराब असली की वर जाणाऱ्या पॉवरमधला मोठा वाटा ती वाटेतच खाते. जेमतेम उरलेली वर पोचते. त्यातली काही अँटेनाकडून परत फिरते, आणि खाली येताना केबल तिच्यातलाही वाटा खाते. मीटरपर्यंत परत काहीच येत नाही, आणि मीटर बिचारा म्हणतो, सगळं छान. केबल जितकी सडकी, तितका आकडा देखणा. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी लावून सगळी पॉवर नुसती उष्णतेत घालवणाऱ्या डब्याचा, एसडब्ल्यूआरही १ असतो. त्यावर कुणी तासभर सीक्यू (‘कुणी आहे का?’ अशी हाक) ओरडला तर त्याला कोण उत्तर देणार आहे?

गणित करून बघा, कठीण नाही. केबलचं वरचं टोक नुसतं उघडं सोडलं, अँटेना नाहीच, तर आदर्श केबलवर मीटर अनंत दाखवायला हवा. केबल एका दिशेच्या प्रवासात ३ डीबी (डीबी हे घटीचं माप, ३ डीबी म्हणजे निम्मी पॉवर) खात असेल तर तिथे ३ दिसतो. ६ डीबी खात असेल तर १.७. आणि १० डीबी खात असेल तर १.२! म्हणजे वादळात अँटेना तुटून खाली पडली, तरी शॅकमधला माणूस १.२ बघून समाधानाने मान डोलावणार.

काल हे प्रत्यक्ष करून दाखवलं. पण त्याआधीचा एक ताप सांगतो, कारण त्यात सकाळ गेली. टॉवरला तीन दिशांना ताण तारा आहेत. चढण्याआधी प्रत्येक तार, प्रत्येक टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू), तारेचं दुमडलेलं टोक पकडणारा प्रत्येक क्लॅम्प हाताने तपासायचा हा माझा नियम आहे, मग टॉवर कुणाचाही असो. एका तारेचे सगळे क्लॅम्प उलटे! यू-बोल्ट दाबलाय भार घेणाऱ्या तारेवर, आणि खोबणीचा भाग मोकळ्या टोकावर. यू-बोल्ट तारेला चेचतो, म्हणून तो नेहमी मोकळ्या टोकावरच यायला हवा आणि भाराची तार खोबणीत बसायला हवी. टर्नबकलमधून सुरक्षेची तारही ओवलेली नाही, म्हणजे वाऱ्याच्या थरथरीने तो हळूहळू उलटा फिरत मोकळा व्हायला रान मोकळं. विचारलं तर उत्तर, “इतकी वर्षं उभा आहे की.” उभा आहे म्हणून बरोबर आहे? याला काय म्हणायचं? तारा नीट केल्याशिवाय मी पहिल्या पायरीवरही पाय ठेवला नाही. त्याला कंटाळा आला होता, ते दिसत होतं. येऊ दे.

मग वर गेलो. खाली रेडिओ बंद, पॉवर सप्लायची पिन काढलेली, केबलला फक्त एसडब्ल्यूआर मोजणारा छोटा ॲनालायझर लावलेला. तो जेमतेम मिलिवॉटमध्ये सिग्नल देतो. माणूस अँटेनापाशी असताना रेडिओची कळ कुणी दाबणार नाही, याची खात्री आपली आपणच करायची असते. यागीचा कनेक्टर सोडवला, टोक उघडं धरलं आणि खाली विचारलं, “किती?”

खालून उत्तर आलं, “१.३.”

“अरे, अँटेना काढलीय मी!”

खाली शांतता.

१.३ म्हणजे केबल एका दिशेच्या प्रवासात साधारण ९ डीबी खातेय. चांगली आरजी-२१३ असती तर १४५ मेगाहर्ट्झला ३५ मीटरमध्ये ३ डीबीच्या आसपास गेले असते. ९ डीबी म्हणजे आठवा हिस्सा. ५० वॉटमधले सहा-साडेसहा वॉट अँटेनापर्यंत पोचत होते, बाकी सगळे केबल तापवण्यात. आणि ऐकतानाही तेच. अँटेनाने पकडलेल्या आधीच क्षीण सिग्नलचा आठवा हिस्सा खाली येणार, आणि हा खाली बसून तो उरलासुरला सिग्नल प्रीॲम्प्लिफायरने फुगवणार. जे केबलमध्येच मेलं ते खाली फुगवून परत येतं का?

कनेक्टर उघडला तेव्हा हातावर पाणी आलं. दमटपणा नाही, ओल नाही, चक्क थेंब. चाकूने वरचं काळं आवरण चिरलं तर तांब्याची जाळी कोळशासारखी काळी, कुठे हिरवी. एक हात कापलं, तरी काळी. आणखी एक हात कापलं, तरी तेच. कोॲक्सची जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. वरच्या तोंडातून पाणी शिरलं की ते जाळीच्या बारीक तारांमधून उतरत जातं. काही वेळा तर शॅकमधल्या टोकातून टपकतं, तेही मी पाहिलंय. आणि हे फक्त पावसात होतं असंही नाही. दिवसा कनेक्टर तापतो, आतली हवा बाहेर पडते. रात्री गार होतो, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज एक श्वास. दोन-चार वर्षांत त्या श्वासाचं पाणी होतं.

आणि हे सगळं कशामुळे? एका टेपमुळे! त्या सांध्यावर साधी पीव्हीसी टेप होती, वरून खाली गुंडाळलेली, शेवटचं टोक उन्हाने उलगडून वाऱ्यावर फडफडत असलेलं. आत दुसरं काहीच नाही. चिकट लगदा तेवढा झालेला.

अशा केबलला सर्रास लावतात तो पीएल-२५९ हा कनेक्टर १९३० च्या दशकातला आहे. त्यात रबरी वॉशर नाही, तो कधी पाणीबंद नव्हता, आणि हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. पाणी अडवायचा विचार करून बनवलेला एन कनेक्टर १९४० च्या दशकापासून मिळतो. बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी तो बनवला, त्यातला ‘एन’ त्यांच्याच नावाचा. तो वापरा म्हटलं की “पीएलनेही चालतं” हे उत्तर ठरलेलं. चालू दे. पण मग पीएल नीट बंद तरी करा! सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप घ्यायची, ताणून जवळपास दुप्पट करायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळायची. थोड्या वेळात तिचा एकसंध रबर होतो. ऊन तिला सोसत नाही, म्हणून वरून चांगल्या प्रतीची पीव्हीसी टेप. आणि ती खालून वर! कौलं कशी रचतात, वरचं कौल खालच्यावर चढलेलं, म्हणजे पाणी घरंगळून जातं. टेपचंही तेच. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाण्याची वाट बघत बसते. शेवटचा वेढा न ताणता सोडायचा, म्हणजे टोक सुटत नाही. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे घरंगळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सांध्यात शिरत नाही. सगळं मिळून १० मिनिटांचं काम. अँटेना जुळवायला दोन दिवस देणारी माणसं या १० मिनिटांना “नंतर बघू” म्हणतात. नंतर कोण बघतं? नंतर मी चढतो!

सिलिकॉन थापणाऱ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. नाकाला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. ते तांब्यावर थापायचं म्हणजे गंज स्वतःच्या हाताने आत कोंडायचा. असे सांधे मी उघडलेत. वरून गुळगुळीत, आतून हिरवेगार.

आणि ते पांढरे केबल टाय! उन्हात एक-दोन वर्षांत कडक होऊन टकाटक तुटतात, मग केबल टॉवरच्या पायाला घासत बसते, आवरण सोलतं आणि पाण्याला आणखी एक दार उघडं. उन्हात टिकणारे काळे टाय वेगळे मिळतात. वापरत का नाही कुणी?

माझा संयम सुटला तो मात्र खाली उतरल्यावर. कापलेला काळा तुकडा त्याच्या हातात दिला. तो नीट बघून म्हणतो, “टोकापासून मीटरभर कापून नवा कनेक्टर लावला तर? बाकीची हेअर ड्रायरने वाळवू.”

दोन हात कापूनही जाळी काळीच आहे, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पाणी वाळेल, पण काळं पडलेलं तांबं परत लाल होणार नाही. जाळीच्या तारा जिथे एकमेकींना टेकतात तिथे धातूला धातू लागायला हवा, आता तिथे ऑक्साइडचा थर बसलाय. चार कोरडे दिवस आकडे जरा बरे येतील, तेवढ्यावर हा खूश होईल, पुढच्या पावसात पुन्हा तेच. ही केबल संपलीय. फेकायची. नवी घ्यायची, आणि घेतल्याच्या दिवशीच तिचा लॉस (ती किती डीबी खाते ते) मोजून वहीत लिहून ठेवायचा, वरचं टोक उघडं सोडून, खाली ॲनालायझर लावून. दरवर्षी तेच मोजायचं. दोन आकडे शेजारी ठेवले की केबल खोटं बोलू शकत नाही. रेडिओ बदलला, प्रीॲम्प्लिफायर आणला, सहा महिने घालवले, आणि हे एक मोजमाप करायला वेळ नव्हता?

मी चिडून बोललो, हे मान्य आहे. आवाजही चढला. पण ३५ मीटर केबलसाठी नाही चिडलो. त्या उलट्या क्लॅम्पच्या टॉवरखालून त्याच्या घरातली माणसं रोज जा-ये करतात, आणि ‘चालतंय की’ हे उत्तर त्याने दोन्हीकडे दिलं. तारेलाही आणि केबलला पण.

आज सकाळी त्याचा फोन आला. नवी केबल आणलीय, येत्या रविवारी चढशील का, फक्त जोडून दे, टेप वगैरे नंतर बघू.

मी नाही म्हटलं. दोन्ही टेप आणून टेबलावर ठेव, खालच्या खाली केबल मोजून आकडा लिहून ठेव, मग मला फोन कर, असं सांगितलं. त्याला ते लागलं, आवाजावरून कळलं. रात्र झाली, अजून फोन आलेला नाही.