पालक कुठेत? मीच!

नाशिकच्या सिडकोत माझा छोटासा क्लास आहे. मागे दहावीच्या पोरांना 'माझे ध्येय' लिहायला दिलं. निम्म्यांचं यूपीएससी, बाकीच्यांचं इंजिनियर. गोरखपूरकडून आलेल्या एकाने मात्र एकच ओळ लिहिली, "शनिवारी छोटीची पालकसभा आहे, आधी ते."

मी चिडलेच. मग हळूहळू कळलं, वडील अंबडला लेथवर, बारा तासाची ड्युटी, आईला वाचता येत नाही, म्हणून बहिणीच्या शाळेच्या मराठी सूचना, लाइट बिल, भाडेकरार, सिव्हिलला केसपेपर, सगळं हाच बघतो आणि दप्तरात कायम एक प्लास्टिकची फाईल, आधारच्या झेरॉक्स कोंबलेली. मागच्या पालकसभेत बाईंनी विचारलं पालक कुठेत, तर हा म्हणे "मीच".

आणि आपण याला विचारतो, तुला आयुष्यात काय करायचंय? अरे, तो करतोय की रोज!

अमेरिकेत टेल्झर आणि फुलिग्नी या संशोधकांनी 2009 च्या अभ्यासात लॅटिन अमेरिकन, आशियाई, युरोपियन मुळांच्या टीनएजर्सकडून रोजच्या नोंदी घेतल्या. घरच्यांना मदत करून पोरं कावली असतील असं वाटतं ना, तसं फारसं नव्हतं, उलट घरात आपण आपलं काम नीट करतोय या भावनेने ती खूश होती. मला पटलं. माझी आजी चाळीसगावकडची, अहिराणीशिवाय बोलायची नाही, सातपूरच्या बँकेत तिची पैसे काढायची स्लिप मी भरायचे, काउंटरला नाक लागावं म्हणून टाचा वर करून. काय तो रुबाब माझा!

पण उगाच गोडवे नको गायला. गॅसच्या केवायसीच्या लाइनीत त्याचा सराव पेपर बुडाला. तिथे कोणीतरी मोठ्या माणसाने उभं राहायला हवं होतं, शेजारच्याने, नाहीतर मी. मी काय केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

परवा गणिताचा पेपर सही करून आणायला सांगितला. खाली पेन्सिलने आखलेल्या रेघेवर वाकडी, दाबून काढलेली देवनागरी सही, 'द' दोनदा गिरवलेला. म्हटलं, तूच केलीस ना? तर म्हणे, "नाही मॅडम, पापाची आहे. आठ दिवस झाले शिकवतोय, अजून लाइनीच्या खाली जातात."