सर्व्हिस तुमची बॅशआरसी वाचत नाही

"सर्व्हिसला व्हेरिएबल मिळत नाहीये? बॅशआरसीत एक्स्पोर्टची ओळ टाका. नाही चाललं तर इटीसीतल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाका आणि रीबूट करा. पासवर्डही तिथेच ठेवा." लिनक्स सर्व्हरबद्दलचा हा सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतोय आणि नवशिकी मुलं त्यापायी अख्खा दिवस घालवतात. सर्व्हिस म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली नाव-व्हॅल्यूची सेटिंग, आणि एक्स्पोर्ट म्हणजे ती पुढच्या प्रोग्रॅमना देणारी शेलची कमांड.

आधी बॅशआरसी, म्हणजे बॅशची सेटिंगची फाइल. ती वाचतं बॅश (तुम्ही टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजेच शेल), तेही माणूस टर्मिनलवर काम करत असताना. सर्व्हिस सुरू करतं सिस्टमडी, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिस सांभाळणारी 1 नंबरची प्रोसेस. मध्ये शेल येतच नाही. शिवाय उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच तपासणी असते: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर तिथूनच परत. म्हणजे स्क्रिप्टमधून ती फाइल मुद्दाम सोर्स केली (तिच्यातल्या ओळी तिथेच चालवल्या), तरी तळाला टाकलेली तुमची ओळ चालत नाही. मग "माझ्याकडे चाललं" म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. त्यांनी प्रोग्रॅम टर्मिनलवरून हाताने चालवलेला असतो, तेव्हा त्याला व्हेरिएबल त्यांच्या शेलकडून मिळतं.

इटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइल पॅम वाचतं, म्हणजे लॉगिन सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा, तेही लॉगिनच्या वेळी. सर्व्हिस सहसा लॉगिन करत नाही, त्यामुळे रीबूटनेही काही बदलत नाही.

सरळ मार्ग असा: 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव. उघडलेल्या फाइलमध्ये सर्व्हिस सेक्शनखाली 'एन्व्हायर्नमेंट=' लिहा, सेव्ह करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. पॅकेज अपडेट झालं तरी हा बदल टिकतो. युनिट फाइल (सर्व्हिसची सेटिंगची फाइल) हाताने बदललीत तर आधी 'सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड' लागेल. व्हेरिएबल्स बरीच असतील तर 'एन्व्हायर्नमेंटफाइल=' वापरून वेगळी फाइल द्या, पण ती शेल स्क्रिप्ट समजू नका. तिथे एक्स्पोर्ट लिहायचं नाही आणि डॉलर लावून लिहिलेल्या व्हेरिएबलच्या जागी त्याची व्हॅल्यू येत नाही. जुन्या पाथला (कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीला) नवी डिरेक्टरी जोडायला गेलात तर 'डॉलर-पाथ' ही अक्षरं तशीच्या तशी व्हॅल्यूत बसतात आणि साध्या कमांडही सापडेनाशा होतात. पूर्ण पाथच लिहा.

राहिला पासवर्ड, आणि इथे हा सल्ला खरोखर धोक्याचा आहे. इटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइल मशीनवरचा कुणीही वाचू शकतो. युनिटमधल्या 'एन्व्हायर्नमेंट='चंही तेच: 'सिस्टमसीटीएल शो' केलं की सामान्य युजरलाही व्हॅल्यू दिसते. फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, वाचता येईल अशी वेगळी फाइल त्याहून बरी, पण सर्व्हिसने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसकडेही तो पासवर्ड जातोच. सिस्टमडी 247 पासून यासाठी 'लोडक्रेडेन्शियल=' आहे. त्यात पासवर्ड त्या सर्व्हिसपुरत्या फाइलमध्ये मिळतो आणि व्हेरिएबलमध्ये असतो तो फक्त डिरेक्टरीचा पत्ता.