पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनो

डिसेंबर लागला की दर शनिवारी आमच्या पुळणीवर कॅम्पिंगवाले उतरतात आणि माझं डोकं सटकतं. कॅम्पिंग म्हणे! घरातला अख्खा हॉल डिकीत कोंबून आणतात. एलईडीच्या माळा, कमरेएवढा स्पीकर, हुक्का. एवढं सगळं लागतं तर घरीच बसा की, समुद्राची गाज यूट्यूबवर मिळते.

दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून त्यांची घरटी राखतात. हे या लोकांना माहीत नसतं असं नाही, कासव महोत्सवात पिल्लांचे फोटो काढायला हेच पुढे असतात. पण मादी रात्री वर येते, दिवे नि माणसं दिसली तर अंडी न घालताच मागे फिरते, असं सांगा, उत्तर तयार, "आम्ही कुठे कासवाला हात लावला?" अरे, हात लावायची गरजच काय! पिल्लं उजेडाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर त्यांना समुद्रच उजळ दिसतो. तुमच्या माळा पेटल्या की तीच पिल्लं सुरूबनाकडे वळतात, आणि तिथे कुत्री टपलेलीच असतात.

आणि ती गाडी! जाहिरातीत वाळू उडवताना बघितली, म्हणून इथे घालायची. पहाटे कासवमित्र मादीचा माग शोधत फिरतात. दोन्ही बाजूंना वल्ही मारल्यासारखे ठसे, मधून पोट घासटल्याची पट्टी. तो माग सापडला तर घरटं सापडतं, मग शंभरेक अंडी अलगद उचलून कुंपणात नेऊन पुरतात. तुमच्या टायरांनी माग पुसला की माणसाला घरटं सापडत नाही, कोल्ह्याला बरोबर सापडतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहे. ताडोबात जाऊन लावाल का असला डीजे?

ग्रामपंचायतीने गाड्यांना बंदीचा बोर्ड लावलाय. त्याच्याच खांबाला दोरी बांधून तंबू ताणतात.

मागे एकाला हटकलं तर म्हणे, "किनारा काय तुझ्या बापाचा आहे?" नाही बाबा. पण माझा बाप इथे अनवाणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढतो, आणि तुमच्या बिअरच्या बाटलीची काच त्याच्या टाचेत घुसली होती. नखाएवढी, तपकिरी. चिमट्याने काढताना दोनदा मोडली. जखम भरेपर्यंत दोरीला हात लावता आला नाही त्याला.

बरं, गाडी रुततेच. ओहोटीला आत घातलेली, भरती लागली की पाणी चाकाला लागतं आणि सगळी मर्दुमकी उतरते. मग मध्यरात्री आमचंच दार वाजतं, "काका, ट्रॅक्टर मिळेल का?" संध्याकाळी बाप काढत होता, आता काका!

मिळेल की ट्रॅक्टर. आधी तो स्पीकर बंद करा, माळा उतरवा, टॉर्च घेऊन सगळ्या काचा वेचून आणा. मग भाव सांगतो.