आपले किती उरले?

चॅलेंजर स्पर्धेचा आठवडा सुरू झाला की आमच्या टेनिसवेड्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज संध्याकाळी एकच प्रश्न येतो : ‘आपले किती उरले?’ म्हणजे स्पर्धेत अजून किती भारतीय टिकून आहेत? सोमवारी उत्तर सात-आठ असते, मंगळवारी चार, बुधवारी दोन, आणि गुरुवारी रात्री कोणीतरी हात जोडल्याची खूण टाकून विषय मिटवतो. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टांवर तोवर उपांत्य सामनेही झालेले नसतात, पण आमच्यापुरती स्पर्धा संपलेली असते. गेली अनेक वर्षे मीही या हिशेबात तितक्याच हिरिरीने भाग घेत आले आहे. अलीकडे मात्र हा हिशेबच चुकतो आहे असे मला वाटू लागले आहे.

आधी आकडेमोड सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. चॅलेंजर ही एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, दुसरी पायरी. तिच्या खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, १५ आणि २५ गुणांच्या स्पर्धा, आणि वर विम्बल्डनपर्यंत जाणारा मुख्य दौरा. चॅलेंजरमध्येही ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ अशा श्रेणी असतात, आणि तो आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे जागतिक क्रमवारीचे गुण. १०० च्या स्पर्धेत उपविजेत्याला ५०, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला २५, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला १४ आणि एकच सामना जिंकणाऱ्याला ७ गुण मिळतात. मुख्य ड्रॉच्या, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते ठरवणाऱ्या मुख्य तक्त्याच्या, पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या वाट्याला शून्य येते. म्हणजे तीन तास झुंजून तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरलेला खेळाडू आणि त्या आठवड्यात घरी बसून राहिलेला खेळाडू गुणांच्या वहीत सारखेच. शिवाय मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. त्यामुळे ‘आपला उपांत्यपूर्व फेरीत हरला’ या वाक्याचा अर्थ त्याने गेल्या वर्षी याच आठवड्यात काय केले होते हे पाहिल्याशिवाय लागतच नाही. गेल्या वर्षी तो अंतिम फेरीत गेला असेल तर हा तोटा आहे, आणि पात्रता फेरीत गारद झाला असेल तर ही त्याची वर्षातली सर्वांत मोठी कमाईही असू शकते.

ड्रॉ ३२ जणांचा असतो. दर फेरीला निम्मे घरी जाणार, हे ड्रॉ पडतानाच ठरलेले असते. आपले सहा खेळाडू मुख्य फेरीत असतील आणि त्यांतले तिघे पहिल्याच सामन्यात हरले, तर ती नामुष्की नाही, सरासरी आहे. त्यातही आपल्याकडे हमखास घडणारी गोष्ट म्हणजे ड्रॉमध्ये दोन भारतीय पहिल्याच फेरीत समोरासमोर येतात. मग ग्रुपवर ‘चला, एक तर पुढे जाणार’ असा दिलासा दिला जातो. तो मला कधीच पटलेला नाही. वर्षभर एकमेकांबरोबर सराव करणाऱ्या आणि प्रवासखर्च वाचवण्यासाठी एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाला शून्य गुणांनी घालवणे यात दिलासा कसला?

खरी गंमत मुख्य ड्रॉच्या आदल्या रविवारी असते, आणि ती पाहायला जवळजवळ कोणीच येत नाही. पात्रता फेरीत २४ खेळाडू असतात, दोन सामने जिंकणारे सहा जण मुख्य ड्रॉमध्ये येतात, आणि आपल्या खेळाडूंपैकी बहुतेकांची स्पर्धा इथेच सुरू होऊन इथेच संपते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी सकाळी मी बाजूच्या कोर्टावर एका भारतीय मुलाचा सामना पाहत बसले होते. नाव सांगत नाही, कारण तो अजून धडपडतो आहे. प्रेक्षक मोजून अकरा होते, त्यांतली दोन माणसे बहुधा त्याच्या घरची. पहिल्या सेटमध्ये चौथ्या गेमला त्याच्या रॅकेटची तार तुटली. पिशवीत तीन रॅकेट होत्या. त्याने तुटलेली बाजूला ठेवली आणि कुंपणापलीकडच्या माणसाला हाताने खूण केली. तो माणूस रॅकेट घेऊन गटिंग करून, म्हणजे नव्या तारा बसवून, आणायला धावला. पुढच्या विश्रांतीच्या दीड मिनिटात या मुलाने पाणी प्यायचे सोडून दुसऱ्या रॅकेटची घामाने निसटणारी ग्रिप सोलली, नवी गुंडाळली, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पंचांनी ‘टाइम’ म्हणताच उठला. समोरचा खेळाडू तोवर नुसता बसून होता.

तो सामना तो ७-६, ६-४ असा हरला. दुसऱ्या सेटमध्ये ४-४ असताना ब्रेक पॉइंटवर (तो गमावला की आपल्या सर्व्हिसचा गेम जातो) त्याने दुहेरी चूक केली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, आणि सामना खरे तर तिथेच गेला. मात्र ती दुहेरी चूक घाबरल्यामुळे झाली नव्हती. दुसरी सर्व्हिस नुसती पलीकडे ढकलली तर समोरचा पुढे येऊन फोरहँडने मारतो, हे त्याला तासाभरात कळले होते, म्हणून त्याने ती जोरात, थेट अंगावर मारायचे ठरवले आणि ती बोटभर बाहेर गेली. मला तो निर्णय बरोबर वाटला, आजही वाटतो. त्या रात्री ग्रुपवर त्याच्या नावापुढे फक्त एक फुली होती.

प्रत्यक्ष जाता आले नाही तर आपण लाइव्ह स्कोअर पाहतो, आणि त्याचेही एक शास्त्र आहे. सर्व्हिस कोणाची हे दाखवणारा तो लहानसा ठिपका, मध्येच ४०-३० वर गोठलेला आकडा, ‘आता काय झाले?’ म्हणून पुन्हा पुन्हा पान ताजे करणे, आणि एकदम १५-० दिसले की मधला गेम कोणी घेतला ते शोधणे. चॅलेंजर सामन्यांचे प्रक्षेपण एटीपी आपल्या संकेतस्थळावर फुकट दाखवते. बहुतेक वेळा एकच कॅमेरा असतो, समालोचकाच्या आवाजापेक्षा चेंडूचा आवाज मोठा येतो, पण पाहणाऱ्याला तेवढे पुरते. तरीही आपल्यातले बहुतेक लोक आकडाच पाहतात, आणि आकड्यावरून ‘दम संपला’, ‘मनाने कच्चा’ असे निदान करून मोकळे होतात. मीही केले आहे.

आपल्या हिशेबाला पाठबळ देणारे आठवडे आले नाहीत असे नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या चॅलेंजरची अंतिम लढत युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन यांच्यात झाली आणि युकी ४-६, ६-३, ६-४ असा जिंकला. तो आठवडा अर्थातच सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्यापेक्षा पुढच्या वर्षीची अंतिम लढत जास्त बोलकी वाटते, जी आपण हरलो. प्रज्ञेश गुणेश्वरन तेव्हा २९ वर्षांचा होता. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याच्या उमेदीची कित्येक वर्षे खाल्ली होती. आधी त्याने बंगळुरूची चॅलेंजर अंतिम फेरीत साकेत मायनेनीला हरवून जिंकली, मग लगेच पुण्यात अंतिम फेरी गाठली आणि तिथे स्वीडनच्या एलियास येमरकडून तो हरला. ‘घरच्या मैदानावर हातातोंडाशी आलेला घास गेला’ असे तेव्हा बरेच जण हळहळले. घास कुठेच गेला नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये तो पात्रता फेरी पार करून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये खेळला, फेब्रुवारीत पहिल्या शंभरात शिरला, एप्रिलमध्ये ७५ व्या क्रमांकावर पोहोचला आणि त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या मुख्य फेरीत खेळला. चारही ठिकाणी तो पहिल्या फेरीत हरला हे खरे. पण चारही ठिकाणी त्याचे नाव ड्रॉमध्ये होते, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात घरच्या दोन आठवड्यांत मिळवलेले गुण त्याच्या खात्यात होते.

सुमित नागलचे उदाहरण तर ताजे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले होते की, आपल्या बँक खात्यात सुमारे ९०० युरो उरले आहेत. जे मिळते ते प्रशिक्षक, फिजिओ आणि प्रवास यांतच जाते. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले, आणि १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय ठरला. या विजयाची बातमी सगळीकडे झळकली. पण तो पहिल्या शंभरात गेला तो त्यानंतर फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकल्यावर; अंतिम फेरीत त्याने लुका नार्डीला ६-१, ६-४ असे हरवले. मेलबर्नचा बुब्लिक सगळ्यांना पाठ आहे, चेन्नईचा नार्डी विचारला तर लोक आठवू लागतात.

आता ‘घरचे मैदान’ या शब्दाबद्दल थोडे. विमानाचे भाडे वाचते, व्हिसाची दगदग नसते, ओळखीचा फिजिओ मिळतो, हे सगळे मोलाचे आहे. पण आपण समजतो तसे हे मैदान त्यांच्या सवयीचे नसते. नागल जर्मनीत सराव करत आला, साताऱ्याचा मानस धामणे कोवळ्या वयातच इटलीतल्या अकादमीत गेला. वर्षातले बहुतेक आठवडे परदेशी कोर्टांवर काढून हे खेळाडू पुण्यात उतरतात, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या इथल्या हवेत चेंडू जरा जास्त उडतो याची सवय त्यांनाही पाहुण्यांइतकीच नव्याने करावी लागते. जास्तीची असते ती फक्त अपेक्षा, आणि तिचा गुण मिळत नाही.

वाइल्ड कार्डांवरून, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजक देतात त्या थेट प्रवेशांवरून, दरवर्षी वाद होतो, त्यावर माझे मत सरळ आहे. मुख्य ड्रॉची तीन कार्डे असतात. त्यांतली दोन विशीच्या आतल्यांना द्यावीत आणि एक दुखापतीतून परतणाऱ्याला. ‘तो हरणारच आहे, मग जागा का वाया घालवायची?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र ओपनमध्ये, म्हणजे चॅलेंजरच्याही वरच्या पायरीवर, मानस धामणेला १५ व्या वर्षी वाइल्ड कार्ड मिळाले आणि तो मायकेल ममोहकडून २-६, ४-६ असा हरला. फुली मारली तर एका फुलीचा विषय. पण जोरदार सर्व्हिस करणाऱ्या अनुभवी खेळाडूसमोर दुसऱ्या सेटमध्ये चार गेम घेण्यासाठी काय करावे लागते, हे पंधराव्या वर्षी सरावात कळत नाही. मुलींच्या बाबतीतही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत (महिलांच्या टेनिसमधली चॅलेंजरसारखी पायरी) १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिथे पुढे विजेती ठरलेल्या यिल टाइखमनकडून हरली. तिचे पात्रता फेरीतले सामने ‘आपल्यां’पैकी किती जणांनी पाहिले होते?

आणि गुरुवारी रात्री हात जोडून ग्रुप बंद करणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२४ च्या पुणे चॅलेंजरमध्ये आपले सगळे हरल्यावर आम्ही पाठ फिरवली, आणि ती स्पर्धा व्हॅलेंटिन वाशेरो नावाच्या मोनॅकोच्या खेळाडूने जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशेरो २०४ व्या क्रमांकावरून, पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स जिंकला आणि वाटेत त्याने जोकोविचला हरवले. मुंबईत २०१७ मध्ये जिंकलेली आर्यना सबालेंका पुढे जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेली हे सांगायला नको. हे दोघे आपले नव्हते. पण आपले खेळाडू कोणाशी खेळून हरतात, हे समजून घ्यायचे असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला हवे. मीही २०२४ मध्ये थांबले नव्हते.

ग्रिप बदलणारा तो मुलगा मध्यंतरी एका १५ गुणांच्या आयटीएफ स्पर्धेत खेळत होता. रात्री सहज नाव शोधले तर सामना चालू होता. पहिला सेट ६-४ असा त्याने घेतला होता, दुसऱ्यात ३-३, ३०-४०, आणि सर्व्हिसचा ठिपका त्याच्या नावापुढे. मग आकडा गोठला. मी पान ताजे केले, तरी तेच. दीड मिनिटाने ४०-४० झाले, आणि मी ग्रुपवर काहीही न लिहिता पुढचा पॉइंट यायची वाट पाहत बसले.