पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे

कर्करोगाच्या तपासण्यांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातली मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) ही नावं वाचून गावाकडच्या बायकांना वाटेल, हे सगळं शहरातलं. तसं नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते.

मी वहिनींना घेऊन आरोग्य केंद्रात गेले होते. सिस्टरनी कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावलं, म्हणजे व्हिनेगरच म्हणा, आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबल्या. पेशींत बदल असेल तर तेवढा भाग पांढरा दिसतो. वहिनींचा दिसला. त्या तिथंच रडायला लागल्या. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढची तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ, हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं! पुढे दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा तपासायला पाठवला, निघाली नुसती सूज. पण रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाला घास गोड लागला नाही.

तपासणी साधी म्हणून कमी समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनीच ही तपासणी केली, आणि २०१३ साली निकाल आला तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले.

पाळी गेल्यावर मात्र ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही, तेव्हा एचपीव्ही चाचणीबद्दल, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका, थेट डॉक्टर गाठा.