कर्मचाऱ्यांच्या लॉगिन खात्यांबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्या आरोग्यनोंद प्रणालीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय, खाती उभारण्याच्या कामाच्या आमच्याकडील सर्व नोंदी समोर ठेवून, मी स्वतः वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : ३४ कर्मचाऱ्यांची खाती दोन दिवसांत सुरू करून देऊ, असे आम्ही सांगितले होते आणि प्रत्यक्षात ११ दिवस लागले, पहिल्याच दिवशी वॉर्डातील परिचारिकांना तपासण्यांचे अहवाल दिसले नाहीत आणि दोन डॉक्टरांना औषधचिठ्ठी पूर्ण करता आली नाही, वॉर्डासाठी एकच सामाईक लॉगिन मागितले असता आम्ही ते नाकारले, आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकायला सांगूनही त्यांचे नाव जुन्या नोंदींवर तसेच आहे. विलंब आणि पहिल्या दिवशीची अडचण यांत चूक पूर्णपणे आमची आहे, हे आधीच स्पष्ट करतो. उरलेल्या दोन गोष्टींबाबत मात्र मला सविस्तर लिहावे लागेल.

परिचारिकांना अहवाल का दिसले नाहीत, हे आम्ही त्या वेळी आपल्याला नीट सांगितलेच नाही. प्रत्येक खात्याला दोन प्रकारच्या मर्यादा असतात. एक मर्यादा भूमिकेची, म्हणजे त्या व्यक्तीला काय करता येईल याची. दुसरी विभागाची, म्हणजे कोणत्या ठिकाणच्या रुग्णांच्या बाबतीत करता येईल याची. आपल्याकडून आलेल्या यादीत प्रत्येकाचे पद आणि विभाग लिहिलेला होता. आमच्या माणसाने पदावरून 'परिचारिका' ही तयार भूमिका सर्वांना लावली आणि यादीतला विभाग जसाच्या तसा उतरवला. परंतु तो विभाग नेमणुकीच्या वेळचा होता. प्रत्यक्षात आपल्या परिचारिका पाळीनुसार बाह्यरुग्ण विभाग आणि वॉर्ड यांत फिरतात, आणि त्या आठवड्यात वॉर्डात असलेल्या सहाजणींना अहवाल पाहण्याची परवानगी असूनही ती फक्त बाह्यरुग्णांपुरती होती. हे यादी पाहून कळण्यासारखे नव्हते. अर्धा दिवस वॉर्डात उभे राहून कोण कोणते काम करते हे पाहिले असते, तर नक्की कळले असते. तो अर्धा दिवस आम्ही वाचवला आणि त्याची किंमत आपल्या कर्मचाऱ्यांना मोजावी लागली.

यात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट आपल्या अभिप्रायात नाही, तरी ती सांगितली पाहिजे. परवानगी नसताना पडद्यावर 'आपल्याला हे पाहण्याचा अधिकार नाही' असा संदेश येत नव्हता. नुसती रिकामी यादी दिसत होती. रिकामी यादी पाहणारी परिचारिका अहवाल अजून आलेला नाही असेच समजेल, आणि प्रयोगशाळेने तो दोन तासांपूर्वी पाठवलेला असू शकेल. सुदैवाने आपल्या परिचारिकांनी प्रयोगशाळेत फोन करून खात्री केली. आता अशा ठिकाणी स्पष्ट संदेश येतो आणि तो बदल आमच्या सर्व ग्राहकांच्या प्रणालींत केलेला आहे.

डॉक्टरांची अडचण वेगळ्या कारणाने आली. लॉगिन खाते ही एक नोंद असते आणि नोंदणी क्रमांक, पदवी, विशेषज्ञता असलेली वैद्यकीय व्यावसायिकाची नोंद ही दुसरी. या दोन्ही एकमेकींना जोडाव्या लागतात. जोडणी राहून गेली की डॉक्टर लॉगिन करू शकतात, रुग्णाची माहितीही वाचू शकतात, पण औषधचिठ्ठीवर स्वाक्षरीसाठी प्रणालीला कोणाचे नाव घालायचे हेच ठरवता येत नाही. दोन डॉक्टरांच्या बाबतीत नेमके हेच झाले. आपण मदतीसाठी फोन केल्यावर 'तुमच्या ॲडमिनला विचारा' हे उत्तर मिळणे तर अक्षम्य होते, कारण ही जोडणी करण्याचा अधिकार तोपर्यंत आपल्या ॲडमिनकडे आम्ही दिलेलाच नव्हता.

११ दिवसांपैकी बराच वेळ पहिला पासवर्ड ठरवण्यासाठी पाठवलेल्या लिंकमध्ये गेला. ती २४ तासांत रद्द होत असे. रात्रपाळीच्या आणि सुट्टीवरच्या लोकांनी ती उघडेपर्यंत मुदत संपलेली असे आणि पुन्हा विनंती करावी लागे. आता लिंक त्या व्यक्तीच्या पाळीच्या दिवशीच पाठवली जाते. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्तीही आम्ही काढली आहे. अमेरिकेतील मानक संस्था एनआयएसटीने २०१७ च्या मार्गदर्शनातच अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे म्हटले आहे. सक्ती केली की लोक जुन्या पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवतात किंवा तो कागदावर लिहून संगणकाला चिकटवतात.

आता सामाईक लॉगिनविषयी. आपण लिहिता की, वॉर्डात एकच संगणक, त्यावर पाच माणसे, दर वेळी लॉगिन करण्यात वेळ जातो, मग वॉर्डाच्या नावाने एक खाते दिले तर काय बिघडते? मागणीमागची अडचण खरी आहे. तरीही असे खाते मी देऊ शकत नाही, आणि आपण दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलात तरी त्यांनी ते देऊ नये असेच मला वाटते. पहाटे तीन वाजता दिलेल्या इन्सुलिनच्या नोंदीपुढे 'वॉर्ड २' एवढेच लिहिलेले असेल, तर मात्रा कोणी दिली, दुसऱ्यांदा दिली गेली का, हे सकाळी येणाऱ्या डॉक्टरांनी कोणाला विचारायचे? चूक झाली तर पाचही जणींवर संशय येतो आणि जिने काम बिनचूक केले तिच्याजवळही त्याचा पुरावा राहत नाही. रुग्णांच्या आरोग्यविषयक माहितीच्या संरक्षणासाठी अमेरिकेत असलेल्या हिपा कायद्याखालच्या २००३ च्या सुरक्षा नियमांतही प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र ओळख देणे बंधनकारक धरले आहे. त्याच नियमांत आणीबाणीत माहिती मिळवण्याची सोयही तितकीच बंधनकारक आहे, हेही येथे नमूद करतो, कारण ती सोय आपल्याकडे पहिल्या आठवड्यात बंद राहिली होती. आता ती सुरू आहे : आपल्या विभागाबाहेरच्या रुग्णाची माहिती तातडीने हवी असल्यास कारण लिहून ती उघडता येते, त्याची स्वतंत्र नोंद होते आणि ती नोंद दुसऱ्या दिवशी आपल्या जबाबदार अधिकाऱ्यांसमोर येते.

आमची चूक ही की, आम्ही नकार कळवला आणि तिथेच थांबलो. अडचण वेळ जाण्याची होती, तर उपायही वेळ वाचवण्याचा शोधायला हवा होता. वॉर्डातील संगणक आम्ही पाच मिनिटांनी आपोआप लॉक होईल असा ठेवला होता आणि लॉक उघडताना पूर्ण पासवर्ड मागितला जात होता. यापुढे पाळीच्या सुरुवातीला एकदा पासवर्ड द्यावा लागेल. नंतर ओळखपत्र टेकवून आणि छोटा पिन टाकून प्रत्येकीला स्वतःच्या नावाने, स्वतः अर्धवट सोडलेल्या पडद्यावर परत येता येईल.

नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचे खाते आम्ही निष्क्रिय केले आहे, त्यामुळे त्यांना लॉगिन करता येत नाही. ते पुसून मात्र टाकलेले नाही आणि टाकणारही नाही. त्यांनी तीन वर्षांत लिहिलेल्या नोंदी रुग्णांच्या इतिहासाचा भाग आहेत आणि त्या कोणी लिहिल्या हे नोंदीबरोबर राहिलेच पाहिजे. मात्र खाते निष्क्रिय होण्यास शेवटच्या कामाच्या दिवसानंतर नऊ दिवस लागले, ही धोक्याची बाब होती. आपले एकमेव ॲडमिन रजेवर होते आणि दुसऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण देण्याचा आग्रह आम्ही धरला नव्हता. तो आता धरत आहे : कृपया दुसऱ्या व्यक्तीचे नाव कळवावे, तिला खाते उघडणे, विभाग बदलणे आणि खाते निष्क्रिय करणे आम्ही शिकवू.

पुढील आठवड्यात आमची एक सहकारी दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही वेळी आपल्या वॉर्डात थांबेल आणि परिचारिकांच्या भूमिका त्यांच्या प्रत्यक्ष कामावरून पुन्हा बांधून देईल. खाते-उभारणीचे संपूर्ण शुल्क आम्ही या महिन्याच्या बिलातून वजा केले आहे.